काळी, पांढरी आणि शहराचा नकाशा

(मिरज येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



आपल्या वाडवडिलांनी गाव वसवले तेव्हा आधी माती पाहिली. घरे पांढरीवर, पीक काळीत. खोल काळ्या रानात पाऊस संपल्यावरही ओल टिकते आणि त्या ओलीवर आपली मालदांडी कणसाला येते. तीच माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि भिंतींना तडे देते. म्हणून तिथे घर नको, हे शाळा न शिकलेल्या माणसाला कळत होते.

आज हे कागदावर ठरते. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून १९९८ साली एक महापालिका झाली. शहराच्या कडेची राने हद्दीत आली. त्या रानावर घरे होणार, रस्ता जाणार, बाग होणार की जोंधळाच राहणार, हे विकास आराखडा ठरवतो. हिरवा रंग म्हणजे शेती, पिवळा म्हणजे वस्ती. रंग बदलला की जमिनीचा भाव बदलतो. व्यापारी हा नकाशा आधी वाचतो. आपण तो शेवटी वाचतो, तोही बँकेने कर्ज नाकारल्यावर. आम्ही शेतकीची पदवी घेतली, मातीचे नकाशे वाचले. पण हा नकाशा वाचायला आम्हीही फार उशिरा शिकलो.

कुणी म्हणेल, मग शहर वाढूच द्यायचे नाही का? आम्ही तसे म्हणत नाही. जत, कवठेमहांकाळच्या कोरडवाहू घरातलीच पोरे इथे कामाला येतात आणि एका खोलीत चारचार जण राहतात. घरे हवीतच. प्रश्न आहे, कुठे आणि कुणाच्या जिवावर? नदीकाठी बांधून पाहिले. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा सांगलीच्या वस्तीत शिरली. म्हणजे पूररेषेच्या आत घरे नकोत आणि खोल काळ्या रानातही नकोत. मुरमाड, उंच माळावर घरे करा, आणि ज्याची जमीन घ्याल त्याला पुरे दाम द्या. आपली मागणी एवढी सरळ आहे.

ती मांडायची जागा कायद्यात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि शेवटी मंजुरी शासन देते. मुदत नोटिशीत छापलेली असते. ती वाफशासारखी समजा. वाफसा गेला की पेरणी साधत नाही. मुदत गेली की पुढे वीस वर्षे तोच नकाशा.

हरकतींनी काही होत नाही, असे म्हणू नका. मुंबईचा प्रारूप आराखडा २०१५ साली आला. त्यात चुका निघाल्या, हजारो हरकती पडल्या आणि शासनाला तो पुन्हा करायला लावावा लागला. दुरुस्त आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडले. मुंबईकराला जे जमले ते आपल्याला का जमू नये?

आणि ज्यांच्या रानावर जुने आरक्षण पडून आहे, त्यांनी कलम १२७ लक्षात ठेवावे. आराखडा लागू होऊन दहा वर्षे झाली आणि जमीन घेतली नाही, तर मालकाने मालकीच्या कागदांसह नोटीस द्यायची. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण उठते. नोटीस दिली नाही, तर कुणी आपण होऊन ते उठवत नाही.

कापसाच्या पट्ट्यातून आलेल्या भावांनो, ही फक्त मिरजेची गोष्ट नाही. तुमच्या तालुक्याच्या गावाची नगरपंचायत झाली असेल, तर तिथेही आराखडा येणारच. म्हणून गावी गेल्यावर तीन कामे करा. नगररचना कार्यालयात जाऊन आपला गट नंबर नकाशावर शोधा. हरकत लेखी द्या, सातबारा जोडा आणि पोच घ्या. सुनावणीला एकटे जाऊ नका, शिवारातले सगळे मिळून जा. आणि नुसते 'नको' म्हणून थांबू नका. घरे कुठे व्हावीत, हेही लिहून द्या. काळी कोणती आणि पांढरी कोणती, हे त्या कार्यालयातल्या कुणाहीपेक्षा आपल्याला जास्त कळते.