वीस पटाची शाळा



माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली एक तरुण शिक्षक रुजू झाला. शाळेची इमारत पडायला आली होती. एका बाजूला जनावरांचा गोठा, दुसऱ्या बाजूला सामानाची खोली. शाळेत पोरं नियमित येत नव्हती, मुली तर फारच कमी, कारण मुलीचं लग्न लवकर उरकायचं हा रिवाज होता. बार्शीच्या या शिक्षकाचं नाव रणजितसिंह डिसले. पुढे ३ डिसेंबर २०२० रोजी लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधून अभिनेते स्टीफन फ्राय यांनी त्यांचं नाव ‘ग्लोबल टीचर प्राइझ’साठी पुकारलं. १४० देशांतून १२ हजारांवर नावं आली होती, त्यांतून दहा अंतिम फेरीत पोचली आणि १० लाख डॉलरचं हे पारितोषिक सोलापूर जिल्ह्यातल्या वाडीवरच्या मास्तरांना मिळालं. निम्मी रक्कम उरलेल्या नऊ शिक्षकांमध्ये वाटून टाकत असल्याचं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. शिक्षक देणाऱ्यांपैकी आणि वाटून घेणाऱ्यांपैकी असतात, असं त्यांनी म्हटलं होतं.

या गोष्टीतले दोन तपशील सगळ्यांच्या तोंडी बसले आहेत, ते म्हणजे सात कोटी रुपये आणि क्यूआर कोड. शाळेच्या प्रगतीचा विचार करणाऱ्याने मात्र कामाचा क्रम पाहायला हवा. आधी मुलं शाळेत यायला हवी होती. त्यासाठी घरोघर जाऊन आई-बापांशी बोलणं झालं, मोबाइल-लॅपटॉपवर गाणी आणि चित्रफिती दाखवून मुलांना शाळेची गोडी लावणं झालं. पुस्तकाकडे वळायचं ते त्यानंतर. पुस्तकाच्या पानावर छापलेला क्यूआर कोड, म्हणजे काळा-पांढरा चौकोन, मोबाइलने टिपला की त्या धड्याची चित्रफीत उघडते, कविता ऐकू येते किंवा स्वाध्याय समोर येतो. ज्या घरात आईला वाचता येत नाही, त्या घरातही धडा बोलू लागतो. २०१७ साली राज्य शासनाने सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड घालायचं जाहीर केलं. त्याच वर्षीच्या ५ सप्टेंबरला केंद्राचा ‘दीक्षा’ हा ऑनलाइन शिक्षणाचा मंच सुरू झाला आणि पुढच्या वर्षी एनसीईआरटीच्या पुस्तकांनीही हीच वाट धरली. एका वाडीवरच्या वर्गात सुरू झालेली युक्ती देशभरच्या दप्तरांत पोचली. २०१६ साली जिल्ह्यातली उत्कृष्ट शाळा म्हणून परितेवाडीच्या शाळेचा गौरव झाला, आणि आता गावात मुलींची लग्नं लवकर होत नाहीत, असं पारितोषिक देणाऱ्या वार्की फाउंडेशनने नोंदवलं. जगाने आधी तंत्रज्ञान पाहिलं असेल. सोलापूरकरांनी त्याच्याही आधी हे लग्नांचं वाक्य वाचायला हवं.

कोड प्रत्येक पुस्तकात आला, म्हणून परितेवाडी प्रत्येक गावात आली नाही. फोन बापाच्या खिशात असतो, बाप शेतावर असतो आणि वस्तीवर रेंज यायची तर बांधावर जाऊन उभं राहावं लागतं. कोड उघडायला कोणीतरी माणूस लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तो माणूस म्हणजे तिथला शिक्षक.

आता अशा कुठल्याही द्विशिक्षकी शाळेतली एक सकाळ पाहावी. पहिली ते चौथी, पट सव्वीस, खोल्या दोन. परिपाठ संपला, राष्ट्रगीत झालं, हजेरी झाली. थोरल्या बाई पहिली-दुसरी घेतात, सर तिसरी-चौथी. पहिलीला फरशीवर आखलेल्या चौकोनांत अक्षरं ओळखायला लावली की दुसरीला जोडाक्षरांच्या शब्दपट्ट्या द्यायच्या, आणि दोन्हींकडे एकाच वेळी लक्ष ठेवायचं. शेजारच्या खोलीत चौथी भागाकार करते आणि तिसरीला पाठ्यपुस्तकातला नकाशा रंगवायला दिलेला असतो. अकरा वाजता खिचडीचा वास वर्गात शिरतो. शालेय पोषण आहाराच्या नियमाप्रमाणे प्राथमिकच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ धरायचा, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. हा हिशेबही शाळेतच लिहायचा. तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा निरोप येतो, ‘यूडायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदींची, माहिती आज दुपारपर्यंत भरा.’ सर फोन घेऊन बाहेर पडतात, आणि दोन्ही खोल्या, चारही वर्ग बाईंच्या गळ्यात येतात.

बाई तेव्हा चौथीतल्या एका मुलीला पहिलीच्या घोळक्यात बसवतात. ती मुलगी शब्दपट्टी उचलते, धाकट्यांना दाखवते, चुकलेल्याची पट्टी बाजूला ठेवते आणि फेरी संपली की पुन्हा त्यालाच विचारते. कोणी शिकवलं नाही, तरी चुकलेल्याकडे परत यायचं असतं हे तिला कळलेलं असतं. बहुवर्ग अध्यापनाची पुष्कळ प्रशिक्षणं होतात. त्यांतलं खरं तत्त्व या मुलीच्या हातात आहे. लहान शाळेत इयत्तांमधल्या भिंती मुळातच बुटक्या असतात, मूल त्या सहज ओलांडतं. मोठ्या शाळेला हे मुद्दाम घडवून आणावं लागतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. कागदावर ही संख्या भरपूर वाटते. चार इयत्ता, रोज निघणाऱ्या ऑनलाइन माहित्या आणि निवडणुकीची कामं त्यात मिळवली की दोनाचे किती उरतात, हे या सभागृहात बसलेल्या शिक्षकांना कोणी सांगायला नको.

सोलापूरच्या शाळेला आणखी एक ओझं आहे आणि तीच तिची श्रीमंतीही आहे. ते म्हणजे भाषा. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे घरात कानडी, तांड्यावर गोरमाटी, शहराच्या पूर्व भागात तेलुगू, कित्येक मोहल्ल्यांत उर्दू. अक्कलकोटकडच्या कानडी बोलीत घराला ‘मनी’ म्हणतात. मराठी शाळेत आलेलं पहिलीतलं मूल ‘मनी’ हा शब्द ऐकून मांजराकडे न पाहता आपल्या घराच्या दिशेने बोट दाखवतं. त्या मुलाचं काही चुकलेलं नसतं. शिक्षकाला तेवढं कानडी येत असेल तर त्या क्षणी दोन शब्दांचा एक छान धडा तयार होतो. येत नसेल तर ‘मुलाला आकलन नाही’ असा शेरा पडतो आणि तो पुढची चार वर्षं त्याच्या मागे फिरतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक सीमावर्ती केंद्राने मुलांच्या घरच्या बोलीतले दोनशे शब्द गोळा करून वर्गात टांगावेत, हे काम एका सत्रात होण्याजोगं आहे. त्याला निधी लागत नाही. लागतात त्या मुलांच्या आज्या.

उसाचा प्रश्न याहून अवघड. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर पहिल्या रांगेत आहे. दिवाळी झाली की बीडकडून टोळ्या येतात आणि फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. त्याच वेळी आपल्याच जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांतली कुटुंबंही कोयता घेऊन बाहेर पडतात. म्हणजे एका शाळेच्या हजेरीतली नावं निघून जातात आणि दुसऱ्या शाळेच्या कुंपणाबाहेर ज्यांची नावं कुठल्याच हजेरीत नाहीत अशी पोरं वाढं गोळा करत हिंडतात. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आली, साखरशाळा निघाल्या, स्थलांतरित मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यायची पद्धत आली. कार्ड चांगलं आहे, पण ते चालायचं तर दोन शिक्षकांनी एकमेकांना फोन करायला हवा. मूल कुठल्या गावच्या फडावर गेलं ते मुकादमाकडून काढायचं, तिथल्या शाळेत सांगायचं आणि एप्रिलमध्ये ते परत आलं की कुठवर शिकलं ते विचारायचं. जिथे पट वीस असतो तिथे हे जमतं, कारण तिथे शिक्षकाला मुकादमाचं नावसुद्धा ठाऊक असतं.

आणि नेमक्या याच शाळांवर गदा आहे. राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा असल्याचं शिक्षण खात्यानेच सांगितलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अशा शाळांऐवजी समूह शाळा, म्हणजे अनेक लहान शाळांची मिळून एक शाळा, उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले, आणि नमुना म्हणून नंदुरबारमधलं तोरणमाळ व पुण्यातलं पानशेत दाखवलं गेलं. समूह शाळेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. चार मुलांच्या वर्गात कबड्डीचा संघ होत नाही, प्रयोगशाळा परवडत नाही, गाण्याला कोरस मिळत नाही. हे खरं मानूनही एक गोष्ट विसरता येत नाही. सहा वर्षांच्या मुलीला सहा किलोमीटर गाडीने न्यायचं, तर ती गाडी रोज यावी लागते, पावसाळ्यातही आणि डिझेलची बिलं थकल्यावरही. ज्या दिवशी गाडी येणार नाही, त्या दिवशी मुलगा सायकलवर जाईल, मुलगी घरी राहील. प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हे कायद्याने उगाच म्हटलेलं नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, तेव्हा त्यांची तक्रार हीच होती. सरकारच्या तिजोरीत कर शेतकऱ्याचा येतो आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांवर जातो. आधी प्राथमिक शिक्षणाकडे पाहा, असं ते मागत होते. वाडीवरच्या शाळेला शिक्षक मागणं ही त्याच मागणीची आजची ओळ आहे. संघ, प्रयोगशाळा आणि गाणं यांसाठी आठवड्यातून एक दिवस चार वाड्यांची मुलं केंद्र शाळेत एकत्र आणता येतात. त्यासाठी चार शाळांना कुलूप लावायची गरज नाही.

उपक्रमांविषयीही स्पष्ट बोलायला हवं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत शाळांच्या भिंती रंगल्या. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याने डिजिटल शाळेची वाट दाखवली. साताऱ्याच्या कुमठे बीटने ज्ञानरचनावाद फरशीवर उतरवला, आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या गेल्या. पुण्याच्या वाबळेवाडीने लोकवर्गणीतून काय उभं राहू शकतं ते दाखवलं. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या निर्णयाने या सगळ्याला बळ मिळालं. त्यातून मिळालेलं मोठं आहे. पण त्याबरोबर एक सवयही लागली. उपक्रम झाला की आधी फोटो, मग अहवाल, मग मोबाइलच्या गटावर टाकणं. वृक्षारोपणाच्या फोटोत झाड दिसतं, पण मार्चमध्ये त्या झाडाला पाणी कोण घालतं ते दिसत नाही. बाल आनंद मेळाव्याच्या फोटोत भेळेची गाडी दिसते. पोराने वीस रुपयांतून साडेसात वजा करताना कपाळाला आठी घातली होती आणि मग ती सुटली, ते टिपलं जात नाही. शिक्षण त्या आठीत झालेलं असतं.

टाळेबंदीत शाळा बंद होत्या, तेव्हा सोलापूरच्याच निलमनगरमध्ये एक साधी गोष्ट घडली. हा भाग यंत्रमाग आणि विडी कामगारांचा. ऑनलाइन वर्गाला लागणारा फोन बहुतेक घरांत नव्हता. आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या सुमारे तीनशे घरांच्या भिंतींवर अभ्यास रंगवून घेतला. पाढे, व्याकरण, विज्ञानाच्या आकृत्या सगळं भिंतींवर आलं. पोरं अंतर राखून गल्लीत उभी राहायची आणि भिंत वाचायची. विड्या वळत उंबऱ्यात बसलेल्या आईच्या नजरेसमोर मुलाचा अभ्यास आला. मूल जिथे आहे तिथे पुस्तक नेणं, हीच परितेवाडीचीही युक्ती होती. तिथे चौकोनी कोड होता, इथे रंगाचा डबा होता.

मग शाळेची प्रगती मोजायची कशी? शिष्यवृत्तीत किती आले, पोखरापूरच्या नवोदयला किती लागले, हे आकडे फलकावर जरूर लिहावेत. त्या मुलांनी कष्ट केलेले असतात. पण वीस पटाच्या शाळेत नवोदयला एक जातो. उरलेल्या एकोणीस जणांची नोंद कुठे आहे? ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून एक अगदी सोपी पद्धत वापरली जाते. मुलाच्या हातात एक कागद द्यायचा. त्यावर अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल कुठवर वाचतं ते पाहायचं. ही तपासणी कोणताही पालक करू शकतो. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असायला हवेत असं कायदा म्हणतो. त्या पालकांनी सह्यांसाठी न येता वर्षातून तीनदा या कागदासाठी यावं. आपल्या पोराला समोर बसवून वाचायला सांगावं, आणि शेजारच्याच्या पोरालाही. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिलाही मूल अडखळतं कुठे हे ऐकू येतं.

शिक्षकांच्या आणि शाळा व्यवस्थापन समित्यांच्या या संमेलनाने एकच ठराव करावा. प्रत्येक लहान शाळेने एक शंभरपानी वही ठेवावी, एका मुलाला पाच पानं. त्यात गुण नकोत, शेरे नकोत. आज काय वाचलं, काय अडलं, कोणत्या शब्दावर हसू आलं, इतकंच तारखेसह. संगणकात ती भरायची नाही, वरिष्ठांकडे पाठवायची नाही. बदली झाली तर जाणाऱ्या शिक्षकाने येणाऱ्याच्या हातात द्यायची. आणि उसावर गेलेल्या मुलाची पानं नोव्हेंबर ते मार्च कोरी सोडायची, नाव तसंच ठेवायचं. एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी ते पोर हातापायांना उसाच्या पात्याचे ओरखडे घेऊन शाळेच्या दारात उभं राहील. बाईंनी वही काढावी, त्याचं पान उघडावं, ऑक्टोबरची शेवटची तारीख बोटाने दाखवावी आणि त्याखाली त्या दिवसाची तारीख लिहून त्याच्यापुढे पुस्तक ठेवावं.