प्रथिनाच्या घडीचा घाटमाथा

साठ-सत्तर अमिनो आम्लांची मोकळी साखळी पाण्यात सोडली, की अनेकदा सेकंदाच्या आत ती आपोआप ठरावीक आकारात घडी होऊन बसते. प्रथिनाच्या अशा स्वतंत्रपणे घडी होणाऱ्या भागाला डोमेन म्हणतात. मोकळी साखळी आणि पक्की घडी या दोन्ही मोजता येतात; मधली संक्रमण अवस्था मात्र टिकतच नाही. साखळीतले एकेक अमिनो आम्ल बदलून त्या अवस्थेचा माग काढण्याची पद्धत अ‍ॅलन फर्श्ट यांनी रूढ केली.

कर्जत-खालापूरकरांना ही पद्धत समजायला बोरघाट पुरेसा आहे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर, लोणावळा ६२०च्या आसपास. रेल्वेने कर्जत आणि रस्त्याने खोपोली पायथ्याला. मोकळी साखळी पुण्यात आहे, घडी कर्जतला पडते. उतरायचे असले तरी आधी लोणावळ्याचा माथा, म्हणजेच संक्रमण अवस्था, गाठावा लागतो. परत चढायला कर्जतला बँकर इंजिने जोडतात. प्रयोगशाळेत घडी उलगडण्याचे ते काम युरिया करतो.

उत्परिवर्तनाने घडी कमकुवत झाली, म्हणजे कर्जतची पातळी वर सरकली. माथा जागच्या जागी राहिला, तर घडी पडण्याचा वेग तोच राहतो, उलगडणे मात्र वेगाने होते. कर्जत जितके वर सरकले त्याच्या किती पट माथा सरकला, ते फाय-मूल्य; इथे ते शून्य, म्हणजे त्या ठिकाणची बांधणी माथ्यापर्यंत झालेलीच नव्हती. माथाही तेवढाच वर गेला, तर घडी पडणे मंदावते आणि उलगडण्याचा वेग तोच राहतो. मूल्य एक, तिथली बांधणी माथ्यावरच पुरी झालेली होती.

जवाच्या दाण्यातल्या सीआय-२ या प्रथिनाच्या ६४ अमिनो आम्लांच्या तुकड्यात बहुतेक मूल्ये अधलीमधली निघाली. सोळाव्या जागेवरचे अ‍ॅलानिन तेवढे एकाच्या जवळ. एसएच-३ डोमेनचे चित्र वेगळे. १९९९ मध्ये दिसले, की माथ्यावर त्याची एक बाजू बांधलेली असते, बाकीची सैल.

या क्षेत्रातले मोठे भारतीय काम जयंत उदगावकर यांचे. बंगळूरला त्यांच्या गटाने ८९ अमिनो आम्लांच्या बारस्टार या प्रथिनावर वर्षानुवर्षे प्रयोग केले; पुढे ते पुण्याच्या आयसरचे संचालक झाले. बारस्टारमध्ये ट्रिप्टोफॅन ही प्रकाश देणारी तीन अमिनो आम्ले आहेत. त्यांतली दोन बदलून गाभ्यातले त्रेपन्नावे तेवढे ठेवले, की प्रकाशाची खूण नेमकी कुठून येते याविषयी शंका उरत नाही. अनेक प्रथिनांची घडी एकाहून अधिक वाटांनी पडते, हे त्यांच्या गटाने ठामपणे मांडले.

फाय-मूल्य काढताना अमिनो आम्लातला बदल लहानच हवा: व्हॅलिनच्या जागी अ‍ॅलानिन चालते, नवा विद्युतभार आणणारे अमिनो आम्ल नाही. शिवाय स्थैर्यातला फरक अगदी थोडा असेल तर फाय-मूल्यावर विसंबता येत नाही. केवळ अशा आकड्यांवर उभे केलेले निष्कर्ष मान्य होण्याजोगे नाहीत.

 म्हणून कर्जतला येणाऱ्या प्रतिनिधींनी प्रत्येक निबंधात फाय-मूल्याबरोबर मूळ वेग आणि स्थैर्यातला फरकही मांडावा, ही स्वागत समितीची विनंती.