नाव आणि मान



कडोलीसारख्या गावात माणसाला हाक मारणे ही दिसते तितकी साधी गोष्ट नाही. मराठी साहित्यसंमेलनाची परंपरा असलेल्या या गावात मठाच्या उंबऱ्याशी कन्नड वचने कानी पडतात; आणि एकाच कट्ट्यावर बसलेल्या दोन वृद्धांपैकी एकास ‘गोविंदराव’, तर दुसऱ्यास ‘बसाप्पा’ म्हणावे लागते. नुसते ‘गोविंद’ किंवा नुसते ‘बसू’ म्हटले, तर दोघांच्याही मनाला ते सारखेच टोचते. नावाला जोडलेल्या एकदोन अक्षरांत सारा मान साठविलेला असतो.

या अक्षरांचे मूळ शोधू गेल्यास दोन भाषांच्या वळणांतील भेद दिसून येतो. मराठीतील ‘राव’ हा शब्द राजापासून आला, ‘पंत’ पंडितापासून, तर ‘साहेब’ अरबीतून फारसीच्या वाटेने. दरबार, विद्वत्ता आणि कचेरी यांनी दिलेला हा मान होय. कन्नड भाषा मान देताना बहुधा घराकडे वळते. ‘अप्पा’ म्हणजे बाप, ‘अव्वा’ म्हणजे आई, ‘अण्णा’ म्हणजे थोरला भाऊ आणि ‘अक्का’ म्हणजे थोरली बहीण. बसवेश्वर बसवण्णा झाले आणि महादेवी अक्कमहादेवी झाली, ती याच रीतीने. अर्थात हा भेद टोकाला नेण्याचे कारण नाही. ज्ञानोबा-तुकोबा, मुक्ताबाई-जनाबाई या नावांत दरबार नाही, जिव्हाळाच आहे. आणि अण्णा, अप्पा, अक्का हे शब्द मराठी घरांत इतके रुळले आहेत की त्यांचे माहेर कानडी आहे, हे आता सांगावे लागते.

खरा घोटाळा होतो तो नावाच्या मांडणीमुळे. वरकवी दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे हे धारवाडचे. त्यांची घरची भाषा मराठी. कन्नड काव्यासाठी त्यांना १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले. त्यांच्या नावात आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. कुवेंपु यांचे पूर्ण नाव मात्र कुप्पळ्ळी वेंकटप्पा पुट्टप्पा. येथे आधी गाव, मग वडील आणि शेवटी स्वतःचे नाव. मराठी माणूस शेवटचा शब्द आडनाव समजून चालतो आणि नकळत नुसत्या नावाने हाक मारून बसतो. उलट, म्हैसूरकडील गृहस्थाने आडनाव सोडून मूळ नावाने पुकारले, की मराठी माणसाला ती सलगी वाटते. दोघांच्याही मनात अनादर नसतो. असते ती आपल्या घरची सवय. या सीमाभागात पाटील, देसाई, कुलकर्णी ही आडनावे दोन्ही भाषांत आहेत, म्हणून हा गैरसमज येथे लवकर निवळतो.

परंतु रीत कळली म्हणजे सौजन्य आले, असे नव्हे. मान कसा द्यावा, याहून मान कोणाला द्यावा, हा प्रश्न थोर आहे. जुन्या गावगाड्यात साठी उलटलेल्या माणसालाही केवळ जातीमुळे मिसरूड न फुटलेला पोर ‘राम्या’ किंवा ‘बस्या’ म्हणून हाक मारीत असे. मान देताना वेगळ्या वाटांनी जाणाऱ्या दोन्ही भाषा मान हिरावून घेताना मात्र एकाच वाटेने गेल्या, हे कबूल केले पाहिजे.

म्हणूनच बाराव्या शतकातील कल्याणची आठवण महत्त्वाची आहे. तेथे चांभार हरळय्या झाला, नावाडी अंबिगर चौडय्या झाला. मादार चेन्नय्या आणि डोहर कक्कय्या यांची नावे शरणांच्या मालिकेत आली. ‘अय्या’ म्हणजे स्वामी, वडील. ज्यांना नुसते नावही धड लाभत नव्हते, त्यांच्या नावापुढे धन्याचा शब्द लागला. परंपरा सांगते की, हरळय्याने बसवण्णांना एकदा ‘शरणु’ म्हटले. बसवण्णांनी उत्तरादाखल ‘शरणु शरणार्थी’ असे दुहेरी वंदन केले. त्या एका अधिक शब्दाचे ऋण हरळय्याला असह्य झाले. पत्नी कल्याणम्मेसह त्याने स्वतःच्या मांडीच्या कातड्याची पादत्राणे करून आणली. बसवण्णांनी ती पायांत न घालता मस्तकी धरली. पुढे त्याच हरळय्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण मधुवरसाच्या कन्येशी झाला, आणि त्यापायी दोन्ही पित्यांना बिज्जलाच्या राज्यात प्राण गमवावे लागले, असे ही परंपरा सांगते. हाकेतील समता व्यवहारात उतरू लागताच समाजाने तिचे असे मोल घेतले.

पंढरीच्या वाटेवर याच भावनेने चोखामेळ्याचा चोखोबा झाला. आजही वारीत लहानथोर एकमेकांना ‘माउली’ म्हणतात आणि परस्परांच्या पाया पडतात. त्या हाकेत आडनाव नाही, भाषेचा अभिमान नाही. मात्र वारी संपवून गावी परतल्यावरही ती हाक ओठांवर राहते काय, येथेच खरी परीक्षा आहे.

१९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने सतराव्या अनुच्छेदान्वये अस्पृश्यता नष्ट केली. तथापि कायदा माणसाच्या जिभेवर पहारा ठेवू शकत नाही. ते काम संस्काराचे, आणि म्हणून मठाचे आहे. बेळगावचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावी झाले. गावांच्या नावांवरून या सीमाभागात पुष्कळ वाद झाले; ते लवकर मिटतील न मिटतील. शेजाऱ्याचे नाव मात्र त्याला रुचेल तसे, त्याच्या भाषेच्या रीतीने आणि पुरत्या मानाने घेणे, हे प्रत्येकाच्या हाती आहे. त्यासाठी सरकारच्या आज्ञेची वाट पाहावी लागत नाही.

शरणु शरणार्थी.