बहिणाबाईंचे घर
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात झालेले भाषण)



देवाचे घर नव्याने उभे राहिले, ही सर्व गावाला आनंदाची गोष्ट होय. त्या निमित्ताने माणसाच्या घराविषयी, विशेषतः बाईमाणसाच्या घराविषयी, चार शब्द येथे मांडावयाचे आहेत. पुरुष ज्या घरात जन्मतो, बहुधा त्याच घरातून त्याला शेवटचे उचलतात. बाईचे तसे नाही. जन्मते ते घर बापाचे, नांदते ते नवऱ्याचे, म्हातारपणी राहते ते मुलाचे. मग तिचे स्वतःचे घर कोणते? ह्याचे उत्तर आपल्याच खानदेशातल्या एका निरक्षर शेतकरणीने देऊन ठेवले आहे. तिचे नाव बहिणाबाई चौधरी.

जळगावाजवळचे असोदे हे त्यांचे माहेर. १८८० साली महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला. तीन भाऊ, तीन बहिणी, असे भरले घर. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावास चौधऱ्यांच्या वाड्यात आल्या. असोदे ते जळगाव अंतर दोन-तीन कोसांचे, बैलगाडीने सकाळी निघावे आणि न्याहारीला पोचावे इतके. पण सासुरवाशिणीला ते अंतर कोसांत मोजता येत नाही, हे येथे बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. माहेरच्या वाटेवर बहिणाबाईंची गाणी आहेत. त्या वाटेवर ऊन असते, पायाला चटके बसतात, आणि चालणारीला त्याचे काही वाटत नाही.

वयाच्या तिसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी ओंकार, सोपान आणि काशी अशी तीन लेकरे. पुढे प्लेगच्या दुखण्याने ओंकारला अपंगत्व आले. शेत होते, पण राबणारे हात तिचेच. येथे कागदोपत्री एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विधवेला मिळकतीची पूर्ण मालकी देणारा हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ साली झाला. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या. म्हणजे ज्या जमिनीत उभा जन्म घालविला, तिच्यावर त्यांचा हक्क किती होता हे उताऱ्यापुरते पाहू गेल्यास फार काही हाती लागावयाचे नाही. पण पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी, मोट ह्या प्रत्येक कामावर त्यांनी गाणे रचले. तलाठ्याच्या दप्तरात पीकपाहणीची नोंद असते, पण वाऱ्यावर भुसा उडताना बाईच्या मनात काय उडते, त्याची नोंद ह्या गाण्यांत आहे. शेत त्यांचे झाले ते असे.

घरात जाते होते, आपल्याकडे त्याला घरोट म्हणतात. पहाटे दळताना ओवी सुचावयाची, आणि पिठाबरोबर ती संपूनही जावयाची. लिहिता येत नव्हते. सोपानदेव शिकले, स्वतः कवी झाले. त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी ह्यांनी जेवढे कानी पडले तेवढे वेळोवेळी उतरून घेतले. बाकीचे गेले. गंमत अशी की, जळगावच्या छापखान्यावरही ह्या बाईंचे एक गाणे आहे. स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हते, पण यंत्रातून शहाणपण कसे छापून निघते ह्याचे तिला केवढे कौतुक! स्वतःची गाणी छापलेली मात्र तिने पाहिली नाहीत. १९५२ साली, म्हणजे त्यांच्या पश्चात, आचार्य अत्रे ह्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. पुढे १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून ती गाणी घरोघर गेली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. असो.

सुगरण पक्ष्याच्या खोप्यावरचे त्यांचे गाणे शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. चोचीशिवाय दुसरे हत्यार नसलेला जीव पिलांसाठी झाडाला घर टांगतो, हे त्यांनी विहिरीच्या काठी, बांधावर, रोज पाहिले असणार. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली ह्यांनी किहीमला ह्याच पक्ष्याचा बारकाईने अभ्यास केला. खोपा विणतो तो नर, आणि मादी तो पारखून पसंत करते, असे शास्त्र सांगते. बहिणाबाईंनी विणण्याचे काम मादीकडे दिले. ही चूक म्हणावी तर म्हणावी. पण त्यांच्या आजूबाजूला भिंती सारवणारी, चूल लिंपणारी आणि कणगी भरणारी बाईच होती.

त्यांचे आणखी एक गाणे आहे. सासरी राहून माहेरचे गुण गाणाऱ्या बाईला एक योगी विचारतो की, मग तू येथे कशाला आलीस? तिचे उत्तर असे की, लेकीला उद्या माहेर हवे, म्हणून आई सासरी नांदते. मंडळी, हा हिशेब नीट पाहावा. जे घर तिच्यापासून सुटले, तेच ती दुसऱ्या गावी आपल्या हातांनी लेकीसाठी बांधीत असते. आज ह्या गावात माहेरवाशिणी दर्शनाला आल्या आहेत. त्यांचे माहेर ज्या बायांनी राखले, त्यांतल्या किती जणींची नावे देणगीदारांच्या फरशीवर असतील? त्यांनी पसाभर धान्य दिले, त्याची पावती फाडण्याची रीत नाही. हा दोष समितीचा नव्हे, जुन्या वहिवाटीचा आहे.

पिठाची गिरणी आली, घरोट कोपऱ्यात गेले, आणि बायांच्या छातीवरचा भार उतरला, ते चांगलेच झाले. त्याबरोबर ओव्याही थांबल्या. पण काही आज्यांना अजून येतात. ज्यांच्या घरी अशी म्हातारी असेल, त्यांनी एक वही आणि एक लिहिता नातू तिच्याजवळ बसवावा. बोली जशी येईल तशी लिहावी, शुद्ध करू नये. आणि बसवायचे ते पहाटे बसवावे. दळणाच्या वेळची ओवी दुपारी आठवत नाही, असे म्हाताऱ्या सांगतात.