नजर रस्त्यावर राहावी म्हणून



 १९६६ साली वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यात स्थापन झाली. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांनी देशाला दुचाकीपासून ट्रकपर्यंत वाहने दिली. गाडी पारखण्याचे काम या मातीत मुरलेले आहे.

आता या परिषदेत पारखायची आहे ती डॅशबोर्डवरची स्क्रीन. एसीचा पंखा कमी करायला पूर्वी हात आपसूक बटणावर जायचा. आता आधी स्क्रीनकडे पाहायचे, मेन्यू उघडायचा, पुन्हा पाहायचे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्या दोन सेकंदांत ४४ मीटर पुढे गेलेली असते.

अशा स्क्रीनची परीक्षा खऱ्या रस्त्यावर, कुणाचा जीव टांगणीला लावून घेता येत नाही. सिम्युलेटरच्या आभासी रस्त्यावर घेता येते. तिथे पुढची गाडी प्रत्येक चालकासमोर त्याच जागी, तितक्याच जोरात ब्रेक मारते. म्हणून दोन स्क्रीनची तुलना चोख होते. अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ते-सुरक्षा संस्थेने २०१३ साली यासाठी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे दिली. चाचणीला चार वयोगटांतले २४ चालक बसवायचे. रस्त्यावरून हटलेली नजर बहुतेक वेळा दोन सेकंदांच्या आत परतली पाहिजे आणि एका कामापायी ती एकूण १२ सेकंदांहून जास्त हटता कामा नये. २४ पैकी किमान २१ जणांना हे साधले, तरच ते काम चालत्या गाडीत करू द्यायचे. सिम्युलेटरमध्ये जिवाची भीती नसते, काहींना मळमळतेही. त्यामुळे पुढे ट्रॅकवरची चाचणी चुकत नाही. पण घातक स्क्रीन रस्त्यावर येण्याआधी पकडण्याची जागा सिम्युलेटरच.

माझी कळकळीची मागणी आहे, की या सिम्युलेटरमधला रस्ता आपला असावा. डावीकडून घुसणारी दुचाकी, उलट दिशेने येणारा ट्रॅक्टर, पावसाळ्यातला धुक्याने भरलेला घाट त्यात दिसू द्या. स्क्रीनवर देवनागरी असू द्या आणि तिचीही परीक्षा होऊ द्या. वर मात्रा-वेलांटी, खाली उकार. यांना जागा देताना तेवढ्याच उंचीच्या ओळीत मूळ अक्षर बारीक होते आणि चाळिशी लागलेल्या चालकाची नजर तिथेच अडकते. चाचणीला केवळ कंपनीतले तरुण अभियंते बसवू नका. रात्रपाळी करणारा, पन्नाशी ओलांडलेला, मोबाइलही बेताचाच वापरणारा चालक त्या खुर्चीत बसला पाहिजे. त्याला जमले, तर ते सर्वांना जमेल.

आज आलेल्या चालकांना मी सांगतो, इथे तुम्ही पाहुणे नाही, परीक्षक आहात. जे खटकेल ते मोकळेपणाने सांगा. आणि संशोधक मित्रहो, भारतीय रस्त्यांसाठी भारतीय चाचणीचा पहिला मसुदा या परिषदेतून निघावा, एवढीच आम्हा यजमानांची अपेक्षा आहे.