याईराच्या घराच्या वाटेवर

येशू ख्रिस्ताचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं चार. त्यांत मार्काचं सर्वांत छोटं, अवघ्या 16 अध्यायांचं. बेथलेहेम, गव्हाणी, मेंढपाळ यांतलं मार्क काहीच सांगत नाही. त्याचा येशू आपल्याला भेटतो तो थेट यार्देन नदीवर, बाप्तिस्मा घेताना. शेवटचे सहा अध्याय तर यरुशलेमेतल्या अखेरच्या दिवसांसाठीच राखलेले. इतक्या घाईनं लिहिणाऱ्या मार्कानं पाचव्या अध्यायात मात्र एक प्रसंग अगदी सावकाश सांगितला आहे.

गालील सरोवराचा काठ. सभास्थानाचा अधिकारी याईर, गावातला मानाचा माणूस, येशूपुढे लोटांगण घालतो. लेक मरणाच्या दारात आहे, घरी चला. येशू निघतो, मागे गर्दी. त्या गर्दीत एक बाई आहे, 12 वर्षं रक्तस्राव सोसणारी. वैद्यांच्या पायी होतं नव्हतं ते गेलं, दुखणं वाढतच राहिलं. त्यात मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे तिचा स्पर्शही विटाळाचा. ते जिणं कसं असेल, हे आपल्याकडच्या आयाबायांना वेगळं सांगायला नको. ती मागून येते, येशूच्या वस्त्राला हात लावते आणि बरी होते.

ती तशीच निघून गेली असती. पण येशू थांबतो, कोण शिवलं म्हणून विचारतो. एवढ्या रेटारेटीत हा कसला प्रश्न, असं शिष्यांना वाटतं. बाई थरथरत पुढे येते, सगळं सांगते, आणि तो तिला लेक म्हणतो. याईराची लेक तिकडे शेवटच्या घटका मोजतेय, आणि हा या अनोळखी बाईपाशी थांबलाय! बापाच्या जिवाची काय तगमग झाली असेल. तेवढ्यात निरोप येतोच: मुलगी गेली.

येशू तरीही जातो. आकांत करणाऱ्यांना बाहेर काढतो, आईबाप आणि तीन शिष्यांना घेऊन आत शिरतो, मुलीचा हात धरतो. प्रेताला शिवणं हाही विटाळच. मुलगी उठते, चालू लागते. वय वर्षं 12. सगळे थक्क होऊन बघत राहतात; तिला खायला द्या, हे सुचतं ते एकट्या येशूला. चमत्कारावर कुणी विश्वास ठेवो वा न ठेवो, मला या साध्या सांगण्यात तो पुरता दिसतो.

पुढचाच प्रसंग त्याच्या स्वतःच्या गावचा. हा तर आपला सुतार, मरीयेचा मुलगा, म्हणून लोक नाकं मुरडतात. त्या अविश्वासापुढे तिथं त्याच्या हातून फारसं घडू शकलं नाही, हे मार्क लपवत नाही. मोजक्या आजाऱ्यांवर हात ठेवून तो आसपासच्या गावांत शिकवायला निघून गेला.