माळवदावरचा अँटेना आणि लांबचं टीव्ही केंद्र

(या भागात जसं बोललोय, जवळपास तसंच इथे लिहून दिलंय. हेडफोन नसेल तर वाचा, असेल तर ऐका.)

आजचा विषय जरा वेगळा आहे. आज तुम्ही टीव्ही बघायचा म्हणजे काय करता? फोन काढता, अॅप उघडता, झालं. पण एक छंद असा होता, ज्यात लोक टीव्हीवरचा कार्यक्रम बघायचेच नाहीत. ते बघायचे की हा कार्यक्रम किती लांबून आलाय. कार्यक्रम शेतीचा असो, बातम्यांचा असो नाहीतर नुसतं आडव्या-उभ्या रेघांचं चित्र असो, त्याचं काही नाही. "हे कुठलं केंद्र आहे?" एवढाच प्रश्न.

या छंदाला जगभर टीव्ही-डीएक्स म्हणतात. डीएक्स म्हणजे 'डिस्टन्स', अंतर. बिनतारी संदेशवाल्यांच्या भाषेतलं हे जुनं लघुरूप. आपल्या नेहमीच्या टप्प्याबाहेरचं केंद्र साध्या अँटेनावर पकडायचं आणि वहीत नोंद करायची: तारीख, वेळ, चॅनेल, दिशा, हवा कशी होती. बस्स.

हा छंद टीव्हीइतकाच जुना आहे. नोव्हेंबर 1938 मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसवरून बीबीसीचं जे प्रक्षेपण चालायचं, त्याचं चित्र न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर दिसलं. अटलांटिक महासागर ओलांडून! बघणाऱ्या इंजिनिअरांनी पडद्यासमोर कॅमेरा लावून त्याची फिल्म काढली आणि ती काही मिनिटांची फिल्म आजही टिकून आहे. चित्र अगदी हललेलं, विस्कटलेलं. पण आलं होतं.

आता म्हणाल, याचा आपल्या धाराशिवशी काय संबंध? नकाशा उघडा. फोनमध्ये आहेच.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या ट्रान्समीटरमुळे पुणे भागात मुंबईचे कार्यक्रम दिसायला लागले. तिकडे हैदराबाद. आता धाराशिव शहरावर बोट ठेवा. सरळ रेषेत मोजलं तर सिंहगड साधारण 240 किलोमीटर. हैदराबाद साधारण 275. म्हणजे आपण बरोब्बर मधे. दोन्हीकडून लांब, दोन्हीच्या टप्प्याबाहेर.

पण जिल्ह्याच्या खालच्या टोकाला या. उमरगा, मुरूम, आलूर. तिथून दक्षिणेला बघितलं की गुलबर्गा, आजचं कलबुर्गी. उमरग्यापासून सरळ रेषेत साठेक किलोमीटर.

आणि इथे गंमत आहे. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असा एक वर्षाचा 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-6 उपग्रह आणि आपली इस्रो. सहा राज्यांतल्या 2400 गावांमध्ये सार्वजनिक टीव्ही संच बसवले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची छत्री, आणि थेट उपग्रहावरून कार्यक्रम. या सहा राज्यांत कर्नाटक होतं आणि कर्नाटकातली गावं विजापूर, गुलबर्गा, रायचूर या जिल्ह्यांतली होती. महाराष्ट्र यादीत नव्हता. म्हणजे सीमेच्या पलीकडे चावडीवर टीव्ही लागलाय, आणि अलीकडच्या गावात काहीच नाही. उपग्रहाचा संदेश या गावावरही पडत होता बरं का! लाटेला राज्याची हद्द कळत नाही. फक्त ती झेलायला जाळीची छत्री आणि खास कन्व्हर्टर लागायचा. तो ज्याच्याकडे नाही, त्याच्या डोक्यावरून टीव्ही रोज निघून जायचा.

प्रयोग संपला, उपग्रह गेला. मग त्या भागांसाठी जमिनीवरचे ट्रान्समीटर उभारले गेले. गुलबर्ग्याचं केंद्र 1977 मध्ये सुरू झालं. आता साधा, छतावरचा अँटेना पुरणार होता. त्या साली तुम्ही उमरग्याच्या एखाद्या माळवदावर उभे आहात असं समजा. हातात अॅल्युमिनियमच्या काड्या आहेत. कुठल्या दिशेला तोंड कराल? तुमची राजधानी मुंबई वायव्येला, शेकडो किलोमीटरवर. आणि सगळ्यात जवळचं केंद्र दक्षिणेला, कन्नड बोलणारं.

तसा हा शेजार जुनाच. 1956 पर्यंत उस्मानाबाद आणि गुलबर्गा दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. राज्य पुनर्रचना झाली, एक इकडे आला, एक तिकडे गेला. पण लग्नसंबंध, बाजार, तुळजापूरला पायी येणारे कर्नाटकातले भक्त, हे काही थांबलं नाही. त्यामुळे अँटेना गुलबर्ग्याकडे वळवणं म्हणजे जुन्या शेजाऱ्याच्या दारात डोकावण्यासारखंच.

बरं, साठ किलोमीटर म्हणजे सहज दिसायला पाहिजे ना? तिथेच तर खरी मजा आहे. थोडं गणित करू, घाबरू नका.

टीव्हीच्या लाटा जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. म्हणून एका अंतरानंतर लाट डोक्यावरून निघून जाते. ते अंतर काढायचं सोपं सूत्र असं: उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 4.12 ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये. ट्रान्समीटरचा टॉवर समजा 100 मीटर. वर्गमूळ 10, म्हणजे 41 किलोमीटर. तुमचा अँटेना 9 मीटरवर. वर्गमूळ 3, म्हणजे 12 किलोमीटर. बेरीज 53. उमरगा 60 वर. म्हणजे अगदी काठावर!

पण आपण बालाघाटच्या पठारावर. आपल्याकडची जमीन बऱ्याच ठिकाणी 600 मीटरच्या आसपास, कलबुर्गी 450 च्या आसपास. ही उंची आपल्या बाजूने. म्हणून गावाच्या वरच्या अंगाला, टेकाडावरच्या घरात चित्र स्वच्छ आणि खाली ओढ्याकाठच्या घरात नुसत्या मुंग्या, असं होऊ शकतं. एकाच गावात. दोन घरांत पैशाचा फरक नाही, उंचीचा आहे.

सिंहगडाचं बघा. गड साधारण 1300 मीटर उंच. आपल्या पठारापेक्षा 700 मीटर वर धरा. वर्गमूळ साडेसव्वीस, गुणिले 4.12, झाले 109 किलोमीटर. आपले 12 मिळवले तर 121. धाराशिव 240 वर आहे. म्हणजे रोजच्या हिशोबात सिंहगड दिसणं शक्य नाही. रोजच्या हिशोबात! पण हवा रोज सारखी नसते, आणि डीएक्सवाला त्या न-सारख्या दिवसाचीच वाट बघत असतो.

पहिला प्रकार, हवेचा बोगदा. आकाश निरभ्र, वारा पडलेला, थंडीची रात्र. जमीन भराभर गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची उबदार. नेहमीच्या उलट. अशा थरांमध्ये टीव्हीची लाट अडकते आणि जमिनीच्या गोलाईबरोबर वाकत लांब जाते. मग दोन-तीनशे किलोमीटरवरचं केंद्र एकदम शेजारच्या गल्लीत असल्यासारखं येतं. सूर्य वर आला, जमीन तापली, की गेलं. अडचण अशी की पहाटे हवा सगळ्यात चांगली, आणि त्या काळात पहाटे प्रक्षेपणच नाही! दूरदर्शनचे सकाळचे कार्यक्रम सुरू झाले फेब्रुवारी 1987 मध्ये. त्याआधी रात्रीच्या शेवटच्या बातम्यांपर्यंत जागायचं आणि नशीब आजमावायचं.

याच प्रकाराचा समुद्रावरचा अवतार तर अफाट आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या रडारवर उन्हाळ्यात अरबस्तानचा किनारा दिसायचा. हजार मैलांहून लांब! आणि पावसाळा लागला की तेच रडार वीसेक मैलांवर यायचं.

दुसरा प्रकार, स्पोरॅडिक-ई. साधारण 100 किलोमीटर उंचीवर वातावरणात विद्युतभारित कणांचे दाट पट्टे अचानक तयार होतात, मुख्यतः मे ते ऑगस्ट. खालच्या टीव्ही चॅनेलांची, म्हणजे 47 ते 68 मेगाहर्ट्झची लाट त्यावर आपटून परत जमिनीवर येते, हजार ते सव्वादोन हजार किलोमीटर लांब. धाराशिव मध्यभागी धरून तेवढं वर्तुळ काढा. दिल्ली त्यात येते, कोलंबो येतं, कराची येतं, काठमांडू येतं, मस्कतसुद्धा. यातलं जे केंद्र खालच्या चॅनेलवर असेल, ते दहा मिनिटं लख्ख दिसून गायब होऊ शकतं. आणि हजार किलोमीटरच्या आतलं? ते सहसा येत नाही. जवळचं नाही, लांबचं येतं. निसर्गाचं असं उलटं गणित.

आता हे करायला लागायचं काय? वर यागी अँटेना. 1926 मध्ये जपानच्या यागी आणि उदा या दोघांनी जगासमोर मांडलेली रचना. मागे एक लांब काडी, मधे वळवलेली काडी जिला वायर जोडतात, पुढे क्रमाने छोट्या काड्या. छोट्या काड्यांचं टोक केंद्राकडे. काडीची लांबी लाटेवर ठरते: 60 मेगाहर्ट्झला अडीच मीटर, 200 मेगाहर्ट्झला 75 सेंटिमीटर. म्हणून लांबची खालची चॅनेलं पकडणाऱ्याचा अँटेना हा असा अवाढव्य. जीआय पाइप, चपटी वायर, बूस्टर. आणि सगळ्यात महत्त्वाचं यंत्र म्हणजे खाली टीव्हीसमोर बसलेलं माणूस. "आलं का?" "आलं आलं... गेलं! जरा डावीकडं!" हा संवाद ज्यांनी केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की बाकीचे चित्र आलं की खाली उतरायचे आणि छंदवाला आणखी थोडं फिरवून बघायचा, की अजून कोण आहे तिकडे.

1980 च्या दशकात गावोगावी 100 वॅटचे छोटे ट्रान्समीटर आले. रामायण, महाभारत घरात आलं ते त्यांच्यावरून. पण जवळचं केंद्र जोरात लागलं की त्याच चॅनेलवरचं लांबचं केंद्र दबून जातं. मग केबल, मग डिश. आणि प्रसार भारतीने 2022 पर्यंत देशातले जवळपास सगळे जुने अॅनालॉग ट्रान्समीटर बंद केले, मोजके सोडून. डिजिटलमध्ये अंधूक चित्र नसतंच. एकतर स्वच्छ येतं, नाहीतर काहीच नाही. मुंग्यांमधून हळूहळू एखादा चेहरा दिसायला लागणं, ते संपलं.

मग हा छंद मेला का? नाही हो. रूप बदललं.

एक. तुमच्या फोनमध्ये एफएम असेल तर इअरफोनची वायर हाच तुमचा अँटेना. डिसेंबर-जानेवारीत, वारा पडलेल्या रात्री किंवा पहाटे माळावर जा, एकेक फ्रिक्वेन्सी सावकाश फिरवा. नेहमी मोकळ्या असणाऱ्या जागी कन्नड किंवा तेलुगू ऐकू आलं तर थांबा, केंद्राचं नाव सांगेपर्यंत ऐका, लिहून ठेवा. तोच हवेचा बोगदा, आजही फुकट.

दोन. चित्रच पाहिजे असेल तर डोक्यावरून जाणारे हवामान उपग्रह आहेत. अमेरिकेचे जुने नोआ उपग्रह 2025 मध्ये बंद झाले, पण रशियाचे मेटिऑर 137 मेगाहर्ट्झच्या आसपास चित्रं पाठवतात. यूएसबीला लागणारा छोटा एसडीआर रिसीव्हर, ओटीजी केबल, फोनवर सॅटडंप, आणि 53-53 सेंटिमीटरच्या दोन काड्यांचा व्ही आकाराचा अँटेना. उपग्रह दहा-पंधरा मिनिटं दिसतो. तेवढ्यात बंगालच्या उपसागरावरचे ढग तुमच्या फोनवर, ओळीओळीने, थेट. इंटरनेट नको.

तीन. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून अधूनमधून 145.800 मेगाहर्ट्झवर चित्रं सोडतात. तीही याच सामानात मिळतात. फक्त ऐकायचं हं. स्वतः प्रक्षेपण करायचं तर हॅम परवाना लागतो.

आणि एक कळकळीचं सांगणं: पाइप उभा करताना वर विजेची तार आहे का ते आधी बघा. पाइप तारेला टेकणं म्हणजे जीव जाणं. ढग गडगडायला लागले की वायर काढा आणि खाली उतरा. कुठलंही केंद्र जिवापेक्षा मोठं नाही.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. "आमच्याकडे रेंज नाही" हे वाक्य आपण फार सहज स्वीकारतो. टीव्हीच्या यादीत आपला जिल्हा नाही, टॉवर आपल्याकडे नाही, केंद्र लांब आहे. पण डीएक्सवाला तिथे थांबत नाही. तो विचारतो, किती लांब? किती उंचीवरून? कुठल्या ऋतूत? आणि काडी कापून स्वतः बघतो. पठारावरच्या गावाला हा प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही, माळवद पुरतं.

ज्यांनी त्या काळात अँटेना फिरवले, ती माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. घरी असतील तर आज रात्री जेवताना विचारा: "आजोबा, आपल्या अँटेनाचं तोंड कुठल्या दिशेला होतं? पहिलं चित्र कुठल्या भाषेत आलं?" फोनवर रेकॉर्ड करा. गावाचं नाव आणि साल नक्की विचारा, आणि आम्हाला पाठवा. पंधरा-वीस गावांच्या आठवणी जमल्या, तर धाराशिव जिल्ह्याचा टीव्ही कुठून कुठून आला त्याचा नकाशा आपणच काढू, आणि तो पुढच्या एका भागात ऐकवू.

तोपर्यंत वर बघत राहा, तारा सांभाळा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!